खोकणारं भूत

टीबी पुस्तकातून पसरत नाही. ताटातून, कपातून, टॉवेलातून, खुर्चीतूनही पसरत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण शिकल्यासवरलेल्या माणसांसमोर मला ते इतक्या वेळा म्हणावं लागलं की आता कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं तरी तोंडात आधी तेच येतं.

मी शैला. अंबरनाथ पश्चिमेला राहते आणि पूर्वेला एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. घरात नवरा मिलिंद आणि कॉलेजात जाणारी मुलगी प्रज्ञा. मला फुप्फुसाचा टीबी झाला होता. आता बरी आहे. ज्यांना नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी हे लिहायला बसले. तुम्हाला धीर द्यावा असा हेतू होता, पण लिहायला घेतलं की राग वर येतो. येऊ दे. माझ्या आजारपणात धीर कधी कधी संपला, राग नाही संपला.

*

खोकला पावसाळ्यात सुरू झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी हवेवर ढकललं, मग अ‍ॅसिडिटीवर. मग माझं वय विचारून म्हणाले, “या वयात बायकांना असं काहीबाही होतं.” काहीबाही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी कणकण यायची. वजन उतरत होतं आणि कंपनीतल्या बायका विचारत होत्या, कुठलं डाएट करतेस गं, आम्हाला पण सांग.

नवरात्र संपता संपता ओढणीवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मी स्वतःच जाऊन एक्स-रे काढला. कुणी सांगितला नव्हता. तो घेऊन मी आणि मिलिंद पूर्वेच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, मग मिलिंदकडे पाहिलं.

“मॅडमना जरा बाहेर बसू द्या. आपण बोलू.”

“का?” मी विचारलं.

“पेशंट घाबरतात,” ते मिलिंदलाच म्हणाले.

“डॉक्टर, एक्स-रे माझा आहे. छातीपण माझी आहे. मी इथेच बसते.”

मिलिंदने टेबलाखालून माझा हात धरला. त्याचा हात माझ्याहून गार होता. डॉक्टर म्हणाले, टीबी दिसतोय, थुंकी तपासू, सरकारी केंद्रात औषधं मिळतील, बरा होतो. हे सगळं ते मिलिंदला सांगत होते. निघताना मात्र आवाज खाली आणून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “शेजारीपाजारी सांगू नका. कामावर तर अजिबात नको.”

पूर्ण बरा होणारा आजार, आणि त्यावरचा पहिला सल्ला, गप्प बसा. जिना उतरताना मला रडू येईल असं मिलिंदला वाटत होतं. मला त्या माणसाच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटत होता.

*

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक होतं. वेगवेगळ्या दिवाळी अंकांतल्या जुन्या भयकथा आणि गुन्हेगारी कथा निवडून केलेला संग्रह. दिवाळी जवळ आली की मला भुतं आणि खून लागतात, ही बाबांनी लावलेली सवय. ते उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडून जुने अंक किलोवर आणायचे, आणि फराळ होण्याआधी आमच्या घरी दोनचार मुडदे पडलेले असायचे. कंदील लावून झाला की बाबा एखादी गोष्ट मोठ्याने वाचायचे आणि ऐन रंगात पान झाकून विचारायचे, “सांगा, भूत की माणूस?” बहुतेक वेळा माणूसच निघायचा.

वाचनालयातल्या मंगलताईंना माझी आवड माहीत होती. संग्रह आला तसा त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

“आता कशाला हे वाचतेस?” मिलिंद म्हणाला. “काहीतरी चांगलं वाच. मन प्रसन्न होईल असं.”

त्या आठवड्यात मला तशी बरीच चांगली पुस्तकं आली. कंपनीतल्या एका मैत्रिणीला मी सांगून टाकलं होतं, तिने एक पाठवलं, त्यात लिहिलं होतं की प्रत्येक रोग आधी विचारात जन्मतो. म्हणजे हा टीबी मी विचार करकरून आणला. मी ते बंद करून पुन्हा खुनाची गोष्ट उघडली. तिथे निदान मुडद्याला कुणी विचारत नाही की बाई, तुझ्या मनात नकारात्मक काय चाललं होतं. तिथे शोध घेतात. कोण आलं, कुणी पाहिलं, आणि बाई ओरडत होती तेव्हा कुणी ऐकलं का नाही.

*

छातीत पाणी झालं म्हणून मला उल्हासनगरला दवाखान्यात ठेवलं. बायकांचा वॉर्ड, सगळ्या टीबीच्या. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग गोळ्यांची मूठ, मग दिवसभर छताकडे बघणं. गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालकेशरी होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाथरूममध्ये भिंत धरून उभी राहिले, वाटलं आता रक्त इथूनही सुरू झालं. एका सिस्टरने दारातूनच विचारलं, “केशरी का? औषधाचा रंग आहे तो. चांगलंय, गोळी पोटात जातेय.” तिचे ते चार शब्द मला त्या आठवड्यातल्या सगळ्या औषधांपेक्षा गुणकारी वाटले. तुम्हाला म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझ्या एका बाजूच्या खाटेवर मोहिनी आंटी होत्या. सिंधी, उल्हासनगरच्याच कॅम्पात कापडाचं दुकान, बोलायला खणखणीत. दुसऱ्या बाजूला जनी. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची, दोन लेकरांची आई, अंगाने इतकी वाळलेली की चादरीखाली कुणी आहे हे पटकन कळायचं नाही.

आंटींना पुस्तकावरचं चित्र दिसलं. “क्या पढ़ रही है? भूत का है?”

“भूत का भी है, मर्डर का भी.”

“तो अकेली क्यों पढ़ती है? हमको भी सुना. इधर टीवी थोड़ी है.”

मग रोज दुपारी जेवणं झाली की मी मास्क लावून, दम घेत घेत गोष्ट सांगायची. पान मराठीत वाचायचं, आंटींसाठी हिंदीत सांगायचं. मध्ये थांबले की आंटी विचारायच्या, “भूत निकला कि आदमी?” आणि अख्खा वॉर्ड आपापलं मत द्यायचा. एका गोष्टीत दिवाळीच्या पाडव्याला सराफाचा खून होतो. सगळ्यांनी जावयाला पकडलं. निघाला भागीदार. आंटी दोन दिवस लेखकावर नाराज होत्या.

मग ती गोष्ट आली. मोठा बंगला. मालकाच्या पहिल्या बायकोला क्षय. तिला माडीवरच्या खोलीत ठेवलेलं, जेवण दाराबाहेर सरकवायचे. ती मरते. नवी बायको घरात येते आणि तिला माडीवरून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. पायरीवर रक्ताचा रुमाल सापडतो. मी पुढची पानं डोळ्यांखालून घातली. शेवटी नवी बायकोही खोकू लागते आणि गोष्ट संपते.

माझी जीभ वळेना. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्या खोकणाऱ्या बायका, आणि मी त्यांना सांगू की खोकणारी बाई म्हणजे भूत?

“आगे?” आंटी म्हणाल्या.

मी पुढे सांगत गेले. पहिली बायको मेलेलीच नसते. नवऱ्याने कोंडून ठेवलेलं असतं. नवी बायको तिला चोरून डॉक्टर आणते, औषध देते. ती बरी होते, खाली येते, आणि दोघी मिळून नवऱ्याला पोलिसात देतात.

आंटींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “ये किताब में नहीं लिखा.”

“आपको कैसे मालूम?”

“तू कब से पन्ना नहीं पलट रही.”

मग मी खरा शेवट सांगितला. चादरीखालून जनीचा आवाज आला, “मेलेला मानूस खोकत नाय. जो खोकतो तो जिता असतो.”

आणि ती एरवी कधी बोलायची नाही तेवढं बोलली. तिलाही असंच सांगितलं होतं. सासूने भगताकडे नेलं, भगत म्हणाला, लागीर आहे. “त्याने कोंबडा नेला. न मी घरात पडून. पोरांना माझे जवल येव देत नवते. भूत लागल बोलत.” सगळा पावसाळा त्यात गेला. शेवटी पाड्यावर येणाऱ्या, आरोग्यखात्याच्या आशाताईने तिला गाडीत घालून आणलं.

“ये लिखने वाले को इधर बुला,” आंटी म्हणाल्या. “मैं उसको इंजेक्शन देती हूँ, मोटी सुई वाला.”

आम्ही हसलो, मग हसल्यामुळे सगळ्याच खोकत बसलो. सिस्टर धावत आली. थोड्या वेळाने आंटी हळूच म्हणाल्या, “मेरी बहू ने सबको बोला है, मैं हरिद्वार गई हूँ. दुकान में भी वही बोला है. दिवाली में सब पूछेंगे, गंगाजल लाई क्या.”

मला भुतांच्या गोष्टी आवडतात. अजूनही आवडतात. पण ज्याने ती गोष्ट लिहिली त्याला घाबरवायला काहीतरी हवं होतं, आणि त्याने हात लांब करून सगळ्यात जवळ सापडलेली आजारी बाई उचलली. ती बाई कधी वाचायला बसेल असं त्याच्या डोक्यातही आलं नसेल. भगताला कोंबडा तरी हवा होता. याला काय मिळालं?

*

घरी आले तेव्हा ओट्यावर एक ताट, एक वाटी आणि एक कप वेगळा मांडलेला होता. तिन्हींवर प्रज्ञाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका.

मिलिंद वाईट माणूस नाही. दवाखान्यात डबा घेऊन रोज यायचा, माझे कपडे स्वतः धुवायचा. नणंदेने फोनवर सांगितलं म्हणून त्याने भांडी वेगळी केली. मी त्यातच जेवले. अंगात ताकद नव्हती, आणि कुठेतरी मलाही वाटलं, असेल बाबा, प्रज्ञा घरात आहे.

दोन दिवसांनी बदलापूरहून माझी आई आली. जाड चष्मा, गुडघे दुखणारे, पिशवीत माझ्यासाठी अंडी आणि खजूर. मिलिंदने चहा केला. आईने ट्रेमधला माझा कप उचलून निरखला.

“हा ठिपका कसला?”

“शैलाचा कप आहे, आई,” मिलिंद म्हणाला. “वेगळा ठेवलाय. डॉक्टर...”

“कुठल्या डॉक्टरने सांगितलं?”

डॉक्टरने सांगितलंच नव्हतं.

“माझ्या आईला गावात वरून पाणी ओतायचे,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही. “ती ओंजळ धरून उभी राहायची, मी शेजारी. त्यातून बाहेर पडायला आमच्या बापजाद्यांनी धर्म सोडला, मिलिंदराव. आणि तुम्ही माझ्या पोरीला तिच्याच घरात वेगळा कप दिलात.”

“आई, तसं नाही. प्रज्ञाला झालं तर?” मिलिंद म्हणाला. “मला रोज तीच भीती वाटते. काय करू मी?”

“मग जाऊन विचारा. भीती वाटते तर विचारायचं असतं.” आणि आईने त्या ठिपक्याच्या कपातला चहा स्वतः पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मिलिंद सरकारी केंद्रात जाऊन तिथल्या डॉक्टर मॅडमना भेटला. त्यांनी सांगितलं, सुरुवातीचे काही आठवडे मास्क, खिडक्या उघड्या, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. भांड्यांचा काही संबंध नाही. प्रज्ञाची तपासणी चांगली आली. संध्याकाळी मिलिंद मोरीत बसून ठिपके घासत होता. मी बघतेय हे त्याला कळलं, पण त्याने मान वर केली नाही. आमच्यात महिनाभर नीट बोलणं नव्हतं. तेही लिहायला हवं, कारण आजारपणाने माणसं जवळ येतात असं सगळे लिहितात. आम्ही आधी लांब गेलो. मग सावकाश आलो.

*

पुस्तकाची मुदत कधीच उलटली होती. प्रज्ञा ते परत करायला गेली आणि रडत परत आली. पुस्तक तिच्या हातात तसंच, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.

“मंगलताईंनी घेतलं नाही. म्हणाल्या, आमच्याकडून भेट समजा. आणि म्हणाल्या, मम्मीचं सभासदत्व पूर्ण बरी झाल्यावर बघू. मम्मी, तिथे सगळे ऐकत होते.”

आईला कळलं तेव्हा तिने एकच वाक्य म्हटलं, “कारण टीबी आहे का दुसरं, ते मी सांगू का?” मला तसं वाटत नाही. मंगलताई मला अनेक वर्षं ओळखतात, माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवतात. त्यांना टीबीचीच भीती होती. पण ज्याच्या अंगावर ते येतं, त्याला दोन्हींची चव सारखीच लागते.

थुंकीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत मी थांबले. मग एका संध्याकाळी, वाचनालय भरलेलं असतं त्या वेळी, पिशवी काढून टाकून पुस्तक हातात घेऊन गेले.

मंगलताईंनी खुर्ची थोडी मागे घेतली. “शैलाताई, कशाला आलात एवढ्यात? आराम करायचा.”

“पुस्तक परत करायला आले.”

“अहो, ते राहू द्या म्हटलं ना तुमच्याकडे.”

“मला भेट नकोय. मी वाचनालयाचं पुस्तक नेलं, ते वाचनालयात परत आलं पाहिजे.”

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझ्या एकटीचं असतं तर घेतलं असतं हो. पण लोक विचारतात. लहान मुलं येतात इथे.”

मी केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. आदल्या दिवशीच त्यांना विचारून ठेवलं होतं. त्या बाहेर गर्दीत होत्या, घाईत बोलल्या. “टीबी पुस्तकातून होत नाही. आणि यांच्यापासून आता कुणालाच होणार नाही. घ्या ते पुस्तक.” फोन बंद झाला.

मंगलताई तरीही पुस्तकाकडे बघत बसल्या. मग मात्र माझा ताबा सुटला. मी वाचनाच्या टेबलांकडे वळले.

“मी शैला. इथली सभासद. मला टीबी झालाय, औषधं चालू आहेत. हे पुस्तक मी दवाखान्यात वाचलंय. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, यांना नको.”

एक गृहस्थ उठले, पेपरची घडी केली आणि लांब खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

“बरं केलंत, काका,” मी म्हणाले. “खिडकीजवळ हवा चांगली असते.”

कुणीतरी हसलं. मंगलताईंनी पुस्तक ओढून घेतलं, शिक्का मारला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“आत कपाटात नको ठेवू,” मी म्हणाले. घाईत एकेरी आलं. “तिथे, नवीन पुस्तकांत ठेवा.”

त्यांनी ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. आजही आम्ही कामापुरतं बोलतो. सभासदत्व चालू आहे. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी त्यांना ‘जाऊ दे’ म्हटलं नाही.

*

बाहेर आले आणि जिन्यात पायरीवर बसले. मागून एक बाई आली, तिशीची, हातात भाजीची पिशवी. आत बसलेली होती, मी पाहिली होती. ती माझ्याजवळ बसली, मध्ये जागा न सोडता.

“ताई, तुमच्या गोळ्या कुठून मिळतात?”

मी सांगितलं.

“माझ्या मिस्टरांना आहे,” ती म्हणाली. “खाजगी डॉक्टरांनी सांगितलं तसं. पण ते औषधच घेत नाहीत. केंद्रात कुणी ओळखीचं बघेल म्हणून जात नाहीत. ऑफिसात कावीळ सांगितलीय. माझ्या सासूला पण कावीळच सांगितलीय, ती रोज उसाचा रस पाजतेय.”

मला हसूही येईना आणि रडूही. ती पिशवीची कड चुरगळत राहिली.

“तुम्ही एवढं सगळ्यांसमोर कसं बोललात? मला घरात दार लावून पण बोलवत नाही.”

“राग आला होता,” मी म्हणाले.

तिने पिशवी सोडून माझ्याकडे पाहिलं. “मला पण येतो. रोज येतो. तो माणूस माझ्यासमोर वाळतोय आणि मी लोकांना कावीळ सांगतेय.”

“मग उद्या घेऊन या. मीही येते.”

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले तर ती बाकावर बसलेली, शेजारी तिचा नवरा. उंच माणूस, शर्ट खांद्यावरून लोंबणारा, आणि डोक्यावर हेल्मेट. काच खाली ओढलेली. रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते. कुणी ओळखू नये म्हणून घातलेल्या हेल्मेटमुळे त्या खोलीत सगळ्यात जास्त तोच दिसत होता. काचेच्या आत तो खोकला की काच धुरकट व्हायची. त्याच्या बायकोने माझी ओळख करून दिली, त्याने नुसती मान हलवली.

बऱ्याच वेळाने सिस्टरने त्याचं नाव पुकारलं. तो हलला नाही. सिस्टरने पुन्हा पुकारलं, पूर्ण नाव, आडनावासकट.

त्याची बायको उभी राहिली. “इथे आहेत,” ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्याने आधी काच वर केली. मग हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं, घामाने चिकटलेले केस बोटांनी सारखे केले आणि आत गेला.